दाखल्याविना हक्क

२०२४ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्या आणि सेतू केंद्रं बायकांनी भरून गेली होती. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळणार होते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागणार होतं. गर्दी इतकी वाढली की सरकारला अटी सैल कराव्या लागल्या. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, असं ठरलं. विधानसभेची निवडणूक पार पडल्यावर उलटी चाळणी सुरू झाली. दारात चारचाकी आहे का, एकाच घरातल्या किती जणी लाभ घेतात, दुसऱ्या योजनेचे पैसे येतात का, ई-केवायसी झाली का? लाखो नावं यादीतून गेली.

त्यातली काही नावं जायलाच हवी होती, हे मान्य. पण एक जुना प्रश्न यातून पुन्हा समोर येतो. सरकारने माणसाला पैसे द्यायचे ते कशाच्या आधारावर: तो गरीब आहे म्हणून, तो काम करतो म्हणून, तो मतदार आहे म्हणून, की तो या समाजाचा भागीदार आहे म्हणून? सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाची कल्पना यातलं शेवटचं उत्तर देते. प्रत्येक व्यक्तीला ठरावीक रक्कम नियमितपणे आणि रोख द्यावी. तिची गरिबी तपासू नये, ती काम करते का हे विचारू नये, पैसे कशावर खर्च केले याचा हिशेब मागू नये. भारताने गेल्या सात-आठ वर्षांत या कल्पनेतली रोख रक्कम उचलली आणि 'विचारू नये' हा भाग सोडून दिला. माझ्या मते न्यायाचा सगळा अर्थ त्या सोडून दिलेल्या भागात आहे.

कल्पना नवी नाही. थॉमस पेन या क्रांतिकाळातल्या लेखकाने १७९७ मध्ये 'अ‍ॅग्रेरियन जस्टिस' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याचं म्हणणं असं की जमीन मुळात साऱ्या माणसांची आहे. ती कसणाऱ्याचा, सुधारणाऱ्याचा हक्क त्या सुधारणेवर पोचतो, मूळ जमिनीवर नाही. तेव्हा ज्यांच्या ताब्यात जमीन आहे ते बाकीच्यांचं देणं लागतात. वारशाने जाणाऱ्या मालमत्तेतून काही हिस्सा घेऊन एक निधी उभा करावा. त्यातून प्रत्येकाला वयाच्या एकविसाव्या वर्षी १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दरसाल १० पौंड द्यावेत. श्रीमंतालाही द्यावेत. हे दान नव्हे, हक्काचं येणं आहे, असं तो ठामपणे मांडतो. पुढे या विषयावर झालेल्या वादाचं बीज त्या छोट्या पुस्तिकेत आहे.

विसाव्या शतकात कल्पनेला दोन अगदी वेगळ्या घराण्यांतून पाठिंबा मिळाला. बाजारवादी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये 'ऋण आयकर' सुचवला. ठरावीक पातळीखाली उत्पन्न असेल, तर कर भरायचा नाही, उलट सरकारकडून रक्कम घ्यायची. यामागे कल्याणकारी योजनांचं जाळं मोडीत काढण्याचा हेतू होता. दुसरीकडे मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ मध्ये हमीच्या उत्पन्नाची मागणी केली ती गरिबी थेट संपवण्यासाठी आणि कृष्णवर्णीयांना मानाने उभं राहता यावं म्हणून. १९६९ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी कौटुंबिक साहाय्याची योजना मांडली. ती प्रतिनिधिगृहात मंजूर झाली आणि सिनेटमध्ये अडली. एकाच प्रस्तावामागे इतके परस्परविरोधी हेतू असू शकतात, म्हणून त्याची स्तुती ऐकली की पहिला प्रश्न विचारावा: याच्या बदल्यात काय बंद होणार आहे? मूलभूत उत्पन्न शाळा, दवाखाना आणि रेशन यांच्या जोडीला येत असेल तर त्याला न्याय म्हणता येईल. त्यांच्या जागी येत असेल, तर सरकार आपली जबाबदारी मोजून नागरिकाच्या हातावर ठेवत आहे आणि निघून जात आहे.

तत्त्वज्ञांमधला वाद फुकटेपणाभोवती फिरतो. जॉन रॉल्स यांनी न्यायाचा सिद्धांत मांडला तो समाजातल्या सर्वांत वंचिताच्या बाजूने. तरीही दिवसभर समुद्रावर लाटांशी खेळणाऱ्याने आपल्या पोटाची सोय स्वतः करावी, सार्वजनिक निधीवर हक्क सांगू नये, असं त्यांचं मत होतं. बेल्जियमचे फिलिप व्हॅन पॅरिस यांनी त्याला उत्तर दिलं. निसर्गसंपत्ती, वारसा, मागच्या पिढ्यांचं तंत्रज्ञान, इतकंच काय, चांगली नोकरी हीदेखील बरीचशी नशिबाने हाती आलेली ठेव आहे. तिच्यातला वाटा प्रत्येकाचा आहे, मग तो लाटांवर खेळो की कारखान्यात राबो. मला हा युक्तिवाद पटतो, पण भारतात वाद या उदाहरणावरून लढणं हाच वेळेचा अपव्यय वाटतो. आपल्याकडे 'काम न करणारी' म्हणून ज्यांची नोंद होते त्यांत सर्वांत मोठी संख्या घर चालवणाऱ्या बायकांची आहे. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ९७, असं आढळलं. जवळजवळ पाच तास राबणाऱ्या बाईला 'फुकट पैसे' दिल्याची तक्रार करण्याआधी तिने आजवर फुकट काय काय दिलं, याचा हिशेब मांडायला हवा.

या वादात डॉ. आंबेडकरांचं नाव क्वचितच घेतलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या १९४७ च्या निवेदनात त्यांनी शेती आणि मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे करण्याची, विमा सरकारच्या हाती ठेवून प्रत्येक प्रौढ नागरिकाला तो सक्तीचा करण्याची मांडणी केली. तिथे दिलेलं स्पष्टीकरण आजही थेट लागू पडतं. बेकार माणसापुढे कसलीही, कामाच्या तासांचं बंधन नसलेली नोकरी ठेवली आणि बदल्यात संघटना करण्याचा, बोलण्याचा हक्क सोडायला सांगितला, तर तो काय निवडेल, असं ते विचारतात. उपासमारीची भीती असलेल्या माणसाचे मूलभूत हक्क कागदावरच राहतात, हा त्यांचा मुद्दा. त्यांनी मूलभूत उत्पन्न मागितलं होतं असं मी म्हणत नाही. त्यांचा मार्ग मालकी बदलण्याचा होता. पण 'नाही' म्हणण्याची ताकद माणसाला कुठून येते, हा प्रश्न त्यांनी घटनेच्या चर्चेत आणून ठेवला. मूलभूत उत्पन्नाची खरी परीक्षा याच प्रश्नावर व्हायला हवी.

मराठवाड्यातल्या ऊसतोडीकडे या नजरेने बघा. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली जोडपी, ज्यांना तिकडे 'कोयता' म्हणतात, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात. पैसा रोखच असतो आणि एकरकमी असतो. पण तो घेतला की हंगामभर कुठे जायचं, किती तास तोडायचं, आजारपणात थांबायचं की नाही हे दुसरा ठरवतो. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर जाते. पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांत घरात महिन्याला काही हजार रुपये निश्चित येत असतील, तर त्या जोडप्याला निदान भाव करता येईल. उचल कमी घेता येईल. बाईला विश्रांती मागता येईल. रोख रकमेचा हा उपयोग खरेदीच्या आकड्यांत दिसत नाही. दोन माणसांमधल्या ताकदीचा तोल त्यामुळे बदलतो.

महाराष्ट्राने हाच प्रश्न एकदा वेगळ्या बाजूने सोडवला होता. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. किमान जीवनमानाची रेषा त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात दरमाणशी महिना १५ रुपये आणि शहरी भागात साडेबावीस रुपये धरली होती. सर्वांना तिथपर्यंत आणायचं तर मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामं काढावी लागतील, असं ते म्हणत होते. त्याआधी, १९६५ मध्ये, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग झाला होता. १९७२ च्या दुष्काळात खडी केंद्रं, पाझर तलाव, नालाबांध अशा कामांवर लाखो माणसं जगली. १९७७ मध्ये कायदा मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि काम देता आलं नाही तर बेकारभत्ता. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला आणि सरकारने त्यात आपला वाटा घातला. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याची प्रेरणा इथली.

या रोजगार हमी योजनेत, म्हणजे रोहयोत, खोटी मस्टरं निघाली, मजुरी रखडली, कामं अर्धवट राहिली. पण तिची तीन वैशिष्ट्यं आजच्या कोणत्याही रोख योजनेत एकत्र सापडत नाहीत. ती कायदा होती, त्यामुळे मंत्र्याच्या मर्जीवर बंद करता येत नव्हती. गरिबीचा दाखला मागत नव्हती. जो उन्हात खडी फोडायला तयार होता त्याची गरज आपोआप सिद्ध होत होती. आणि तिला स्वतःच्या कराचा आधार होता. तिची मर्यादाही तिच्या रचनेतच होती. म्हाताऱ्या, अपंग, बाळंतीण बाईला खडी फोडता येत नाही. श्रमाची हमी जिथे संपते तिथून पुढे विनाअट उत्पन्नाचं काम सुरू होतं. या दोन कल्पनांना एकमेकींच्या विरोधात उभं करणारे अर्थतज्ज्ञ आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला त्या एकमेकींना पूरक वाटतात.

रोख दिल्यावर प्रत्यक्षात काय होतं? भारतातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशात इंदूरच्या परिसरातल्या गावांमध्ये झाला. 'सेवा' ही असंघटित क्षेत्रातल्या बायकांची संघटना आणि युनिसेफ त्यामागे होते. रेनाना झाबवाला, सरथ दवला, गाय स्टँडिंग यांनी त्यावर पुढे लिहिलं. आठ गावांतल्या प्रत्येक प्रौढाला महिन्याला २०० रुपये आणि मुलामागे १०० रुपये मिळाले. नंतर ही रक्कम ३०० आणि १५० झाली. मुलांचे पैसे आईच्या हाती गेले. शेजारच्या, पैसे न मिळालेल्या गावांशी तुलना केली तेव्हा मुलांचं, विशेषतः मुलींचं वजन वयाच्या मानाने सुधारलेलं दिसलं. शाळेतली हजेरी वाढली. लोकांनी शेळ्या घेतल्या, बियाणं घेतलं, दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाण्याऐवजी स्वतःच्या तुकड्यावर जास्त वेळ घालवला. दारूवरचा खर्च वाढल्याचं आढळलं नाही. रक्कम लहान होती. तिचा परिणाम रकमेपेक्षा मोठा झाला, कारण ती दर महिन्याला येणार याची खात्री होती आणि सावकाराकडे जायची वेळ टळत होती.

बाहेरच्या प्रयोगांचा सूरही साधारण असाच आहे, पण एकसारखा नाही. केनियात 'गिव्हडायरेक्टली' संस्थेने काही गावांत बारा वर्षं चालेल असं मासिक उत्पन्न सुरू केलं. दीर्घकाळ पैसे मिळणार हे कळल्यावर लोकांनी आपल्या भिशीसारखे गट करून मासिक रकमेची एकरकमी रक्कम बनवली आणि छोटे धंदे काढले. काम सोडून बसल्याचं दिसलं नाही. फिनलंडने २०१७ आणि २०१८ मध्ये २००० बेकारांना महिन्याला ५६० युरो दिले. रोजगारात किरकोळ फरक पडला, मनःस्वास्थ्य आणि सरकारी यंत्रणेवरचा विश्वास स्पष्ट सुधारला. अमेरिकेत टेक्सास आणि इलिनॉय राज्यांतल्या १००० जणांना तीन वर्षं महिन्याला १००० डॉलर मिळाले. त्यांचं काम आठवड्याला सरासरी सव्वा तासाच्या आसपास कमी झालं. माणसं आळशी होत नाहीत हे सिद्ध झालंय असं समर्थक सांगतात तेव्हा हा आकडाही त्यांनी सांगावा. आठवड्याला सव्वा तास जास्त मोकळा मिळणं ही मला आपत्ती वाटत नाही.

इराणचा अनुभव आपल्याला सर्वांत जवळचा आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. डिसेंबर २०१० मध्ये तिथे इंधन आणि पावावरची सबसिडी कापली गेली आणि बदल्यात जवळपास प्रत्येक नागरिकाला महिन्याला ४ लाख ५५ हजार रियाल मिळू लागले. सुरुवातीला ही चांगली भरीव रक्कम होती. गरिबी घटली, विषमता घटली. पण आकडा महागाईशी जोडलेला नव्हता. रियाल घसरत गेला आणि काही वर्षांत त्या पैशांची किंमत उरली नाही. सबसिडी तर आधीच गेली होती. आपल्याकडे वृद्धापकाळाच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी महिन्याला २०० रुपये आहे. जवळपास दोन दशकं तो तेवढाच आहे. आजच्या बाजारात २०० रुपयांत काय येतं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांनी या विषयावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि कल्पना सरकारी दस्तऐवजात आली. माणशी वर्षाला ७६२० रुपये, लोकसंख्येच्या तीन चतुर्थांश हिश्शाला, खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ४.९ टक्के. केंद्राच्या सुमारे ९५० योजनांवर जवळपास तेवढाच खर्च होतो, असंही तिथे नमूद होतं, आणि वाद तिथेच पेटला. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी रेशन आणि रोहयोवर गदा येण्याचा धोका दाखवला. प्रणव बर्धन यांनी वरच्या वर्गाच्या सवलती कापून पैसा उभा करता येईल असं मांडलं. पुढे २०१९ मध्ये काँग्रेसने तळाच्या वीस टक्के कुटुंबांना वर्षाला ७२ हजारांचं आश्वासन दिलं, आणि केंद्राने पीएम-किसान सुरू केली.

पीएम-किसानचे वर्षाला ६००० आणि २०२३ पासून महाराष्ट्राच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६००० रुपये सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतात. २०११ च्या जनगणनेत देशात शेतमजूर १४ कोटी ४३ लाख होते आणि शेतकरी ११ कोटी ८८ लाख. म्हणजे शेतीत राबणाऱ्यांपैकी मोठा गट रचनेतच बाहेर राहिला. २०१५-१६ च्या कृषिगणनेत अनुसूचित जातींच्या वहिवाटीत एकूण क्षेत्राच्या ९ टक्क्यांहूनही कमी जमीन होती. बायकांच्या नावावरच्या वहिवाटी १४ टक्क्यांच्या आसपास होत्या. जातीने आणि लिंगाने जमिनीची जी वाटणी केली, तिच्याच रेषांवरून रोख पैसा वाहतो. पेनने जमीन नसलेल्याला भरपाई मागितली होती. आपण जमीन असलेल्याला देत आहोत.

लाडकी बहीण योजनेने एक मोठं काम केलं, हे मोकळेपणाने म्हणायला हवं: जमीन, नोकरी, नवरा यांपैकी कशाशीही न जोडता थेट बाईच्या खात्यात पैसा गेला. घरात तिच्या शब्दाला वजन आलं. पण योजनेची रचना बघा. वयाची मर्यादा २१ ते ६५, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. हातपाय थकले, मजुरी मिळेनाशी झाली की नेमकी त्या वयात ती यादीबाहेर जाते. तिने श्रावणबाळ योजनेकडे जावं, तर तिथे वार्षिक उत्पन्नाची अट वर्षानुवर्षं २१ हजार रुपये अशी चालत आली आहे. सगळ्या कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न साडेसतराशेच्या आत असेल तरच. चौसष्टाव्या वर्षी पात्र असलेली बाई सहासष्टाव्या वर्षी श्रीमंत ठरते.

आणि पैसा कुठून आला? २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांच्या तरतुदीतून ७०० कोटींहून अधिक रक्कम या योजनेकडे वळवली गेली. सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवण्यामागे त्यांच्या वसतिगृहांचा, शिष्यवृत्त्यांचा, वस्त्यांमधल्या पाण्याचा विचार आहे. दलित मुलीच्या वसतिगृहाच्या पैशातून तिच्याच आईला १५०० रुपये देणं हा न्याय नाही. सगळ्यांना सारखी रक्कम दिली की जातीचा प्रश्न मिटतो, असं मानणाऱ्या समर्थकांनी या उदाहरणाचा विचार करावा. रोख रक्कम भूक भागवते. पाण्याची टाकी कोणत्या वस्तीत बांधायची, हे तिने ठरत नाही.

सर्वांना द्यायचं तर किती लागतील? १४० कोटी माणसांना महिन्याला १००० रुपये धरले तर वर्षाला १६ लाख ८० हजार कोटी होतात. २०२५-२६ चा केंद्राचा अर्थसंकल्प सुमारे ५०.६५ लाख कोटींचा होता. म्हणजे त्याचा एक तृतीयांश. आजच्या करव्यवस्थेत हे बसत नाही. २०१५ मध्ये आपण संपत्ती कर रद्द केला, २०१९ मध्ये कंपनी कर घटवून वर्षाला अंदाजे १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडलं, आणि वारसा कर १९८५ पासून नाही. पेनने ज्या कराच्या आधारावर सगळी कल्पना उभी केली तोच आपल्याकडे नाही. तो विषय काढल्याशिवाय सार्वत्रिक उत्पन्नाची भाषा करणं ही फसवणूक होईल.

म्हणून सुरुवात वयाच्या दोन टोकांपासून करावी, जिथे कामाची अट लावायला कोणी धजावणार नाही. गरोदर बाईला किमान ६००० रुपये, हे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलेलंच आहे. मातृवंदना योजनेने ते सुरुवातीला पहिल्या मुलापुरते ५००० केले. कायदा जसाच्या तसा पाळायला नवीन विचारवंतांची गरज नाही. दुसरं टोक म्हातारपणाचं. महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं सुमारे दीड कोटी असतील. सर्वांना, बाई-पुरुष, जमीनदार-भूमिहीन न बघता, महिन्याला १५०० रुपये दिले तर वर्षाला २७ हजार कोटी लागतात. लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटींची तरतूद होती, म्हणजे राज्याच्या आवाक्याबाहेरची ही रक्कम नाही. ज्यांना पेन्शन आहे त्यांच्याकडून ती आयकरातून परत घेता येईल; गरिबाला शोधण्यापेक्षा श्रीमंताकडून वसूल करणं सोपं आहे, कारण त्याचे कागद आधीच सरकारकडे असतात. रक्कम महागाईशी बांधावी, नाहीतर तिचं २०० रुपयांसारखं होईल. रोहयोला व्यवसाय कर दिला तसा हिला एखादा राखीव कर द्यावा. आणि हे सगळं शासन निर्णयाने नव्हे, विधिमंडळात कायदा करून द्यावं, म्हणजे पैसे थांबले तर सत्तर वर्षांची बाई पुन्हा सेतू केंद्रात जाणार नाही, न्यायालयात जाऊ शकेल.